नाल्याकाठचं जांभूळबन

टोला, बोदलकसा
६ जून २०२४

योगेश्वरीबाई,
जय सेवा.

खुमेंद्रभाऊच्या पिकअपमध्ये क्रेट पाठवले आहेत. वरच्या क्रेटमध्ये पानांच्या खाली ही चिठ्ठी आहे. फोन करत नाही म्हणून रागावू नका. आमच्या मूठभर घरांच्या टोल्यावर रेंज फक्त तलावाच्या पाळीवर येते, अन् पाळीवर आता कोणी जाऊन नाही राहिलं. देवकाबाईनं तिथे अस्वल पाहिलं. देवकाबाई म्हणजे माझी सासू. तुमच्या ट्रेनिंगमध्ये खुर्चीवर झोपली होती, तीच.

यंदा जांभूळ लय आहे. झाडं काळी दिसून राहिली. मागच्या साली आपण सुरू केलं तेव्हा लोक हासत, का जांभूळ बी कोणी बाटलीत घालून विकते का. आता बचत गटातल्या साऱ्या बाया सकाळी टोपली घेऊन माझ्या दारात उभ्या राहतात. आमी तोडतो, तुमी गोरेगावच्या शेडात रस काढता, अन् बाजारात लोक नाव घेऊन मागतात. आमच्या टोल्याचं नाव याच्या पहिले कोणी कशासाठीच घेत नव्हतं.

अस्वलाचं म्हणाल तर ते दरसाली राहते. मोहाच्या दिवसात मोहफुलं खाते, आता जांभूळ. त्यालेही पोट आहे. यंदा जरा जवळ आलं, एवढंच. आमी टीन वाजवत जातो.

भेव नाही. उगाच लिहिलं.

तुमची
दुर्गा


गोरेगाव, जि. गोंदिया
७ जून २०२४

प्रिय दुर्गा,

चिठ्ठी मिळाली. अर्धी निळी झाली होती, तरी वाचली.

आनंदाची बातमी आधी सांगते. नागपूरच्या त्या मोठ्या दुकानाने आपलं सरबत ठेवायचं कबूल केलंय. शिवाय शुगरवाल्यांसाठी बियांची पावडर हवी म्हणतात. मी फोनवरच हो म्हणून टाकलं. सासरे बाजूला बसले होते. झामसिंग पटलांचा चेहरा तुला माहीत आहे, धान सोडून दुसऱ्या कशाला ते पीक म्हणत नाहीत. तेही म्हणाले, "जंगलातलं जांभूळ नागपूरला चाललं म्हणजे कमाल झाली."

आता पुढचे दिवस आपले आहेत. जितकं येईल तितकं पाठव. मशीन बंद ठेवायचं नाही असं मी ठरवलंय.

अस्वलाचं वाचून जरा हसू आलं, राग मानू नकोस. तुम्ही जन्मापासून तिथले. तुम्हाला जंगल ओळखतं. मी असते तर पाळीवरच बेशुद्ध पडले असते.

तुझी
योगेश्वरी


टोला
१० जून २०२४

योगेश्वरीबाई,
जय सेवा.

नागपूरचं ऐकून बाया खूश झाल्या.

तुमी लिहिलं का आमाले जंगल ओळखते. ओळखते. पण ओळखीच्या माणसाचाही कधी भेव लागते.

परवा आमी नाल्याच्या बनात गेलतो. तिथली झाडं सगळ्यात मोठी, अन् जांभूळ बोटाएवढे. खाली वेचत होतो. देवकाबाई म्हणे, "वरून कोण टाकून राहिलं वो?" आमी वर पाहिलं. ते झाडावर होतं. फांदी वाकवून खाऊन राहिलं होतं, अन् आमी त्याच्या खाली टोपल्या घेऊन. मंग ते उतराले लागलं, पाठमोरं, माणूस उतरते तसं. आमी पळालो. टोपल्या, टीन, सारं तिथेच. एका बाईचं लेकरू काखेत होतं, तिनं ते एवढं आवळलं का त्याच्या अंगावर वळ उठले.

मागून आलं नाही. पण धपकन खाली पडल्याचा आवाज अजून कानात आहे.

जंगलाचा गार्ड सांगून गेला, काही दिवस बनात जाऊ नका. बाया येऊन राहिल्या, काळजी नको. क्रेट जरा कमी आहेत.

दुर्गा


गोरेगाव
१२ जून २०२४

दुर्गा,

आजही क्रेट अर्धेच आले, आणि त्यातली निम्मी जांभळं लाल, कच्ची. रस तुरट उतरतोय. असं कसं चालेल?

मी नागपूरला शब्द दिलाय. पहिल्याच खेपेला कमी माल गेला, तर ते पुन्हा फोन उचलणार नाहीत. भुवनेश्वर सकाळपासून मागे लागलेत, तिरोड्याच्या व्यापाऱ्याकडून जांभूळ उचल म्हणून. नवऱ्याला मी अजून नाही म्हणते आहे. पण किती दिवस म्हणू?

जांभूळ चार दिवसांचा पाहुणा असतो, हे तूच मला शिकवलंस. घाबरून घरी बसलात तर सारं मातीत जाईल. माणसं सोबत न्या, फटाके लावा, काहीही करा. जरा आत जाऊन पाहा. बनातली ती झाडं तूच मला फोटोत दाखवली होतीस.

मला चिडायचं नव्हतं. पण आज चिडले आहे.

योगेश्वरी


टोला
१३ जून २०२४

बाई,

उद्या क्रेट भरून येतील. तिरोड्याले जाऊ नका.

दुर्गा


गोरेगाव
१६ जून २०२४

दुर्गा,

हे पत्र खुमेंद्र नागपूरला घेऊन येतोय. तू वाचू शकतेस की नाही, मला माहीत नाही.

परवा मी शेडच्या दारात पिकअपची वाट पाहत उभी होते. गाडी उशिरा आली, तीही रिकामी. तो खाली उतरायच्या आधीच मी ओरडले, "माल कुठे आहे?" माझा दीर खुमेंद्र तोंडाने चुरचुरीत, कधी गप्प न बसणारा. तो गाडीतून उतरला आणि चाकाला टेकून खाली बसला. मग मी मागे जाऊन पाहिलं. फळीवर रक्त होतं, आणि फडक्यांचा गोळा. त्याच गाडीतून त्याने तुला गोंदियाला नेलं होतं. तिथून तुला नागपूरला हलवलं, एवढंच त्याला सांगता आलं.

गाडी धुवायला पोरं आली. मी त्यांना परत पाठवलं. फळी मी धुतली.

काल तुझ्या नवऱ्याशी, हेमराजभाऊंशी फोनवर बोलले. डोळा वाचलाय म्हणाले. जबडा तारेने बांधलाय, बोलता येत नाही. मी तुला भेटायला निघाले होते, पण अजून कोणाला आत सोडत नाहीत. म्हणून वही आणि पेन पाठवते.

ते म्हणाले, तू एकटी होतीस. दुर्गा, बायका येत होत्या ना? तू एकटी का गेलीस?

दोन दिवस मशीन बंद आहे. कोणी विचारलं तर मी सांगते, वीज नाही.

योगेश्वरी


नागपूर, वार्ड
२१ जून २०२४

योगेश्वरीबाई,
जय सेवा.

वही भेटली. हात दोन्ही साबूत आहेत म्हणून लिहितो. एका डोळ्यावर पट्टी आहे, ओळ वाकडी जाईल.

तुमी विचारलं एकटी काऊन गेली. बाया त्याच दिसापासून येत नव्हत्या, ज्या दिवशी ते झाडावरून उतरलं. मी तुमाले खोटं लिहिलं. जे क्रेट येत होते ते मी, हेमराज अन् सासू मिळून गावाजवळच्या झाडांचे भरत होतो, म्हणून कच्चे होते. मले वाटलं, बाया भेल्या असं लिहिलं तर तुमी दुसरं गाव पाहाल. एकेकीच्या घरी जाऊन मी त्यायले या कामात आणलं होतं. त्यायले का सांगू, का धंदा भालूनं खाल्ला?

हेमराज नांगर घेऊन धानाच्या बांधीत गेला. मी म्हटली, जवळच जातो. अन् बनात गेली. झाडं अशी लदली होती का जमीन निळी झाली होती. टोपली भरत आली. अजून ओंजळभर घ्यावे म्हणून वाकली, तं मागून आवाज आला, जसा दमेकरी माणूस श्वास ओढते. मी वळली. ती अस्वलीण उभी राहिली, माणसासारखी, छातीवर पांढरी खूण. मी ओरडली का नाही ते आठवत नाही. मंग तिचं तोंड माझ्या तोंडावर होतं. वास आला जांभळाचा. एवढंच आठवते बाई, जांभळाचाच वास.

हेमराज म्हणते, तो कुऱ्हाड घेऊन आला तेव्हा ती निघून गेली होती.

इथे बाजूच्या पलंगाले एक मशीन लावली आहे. ती तसाच श्वास घेते. मी चादर तोंडावर ओढतो. नर्स म्हणते, "ताई, मशीन आहे, काही नाही." मले माहीत आहे मशीन आहे. अंगाले माहीत नाही.

तुमच्या चिठ्ठीनं गेली असं मनात आणू नका. अर्धी तुमच्या चिठ्ठीनं गेली, अर्धी माझ्या मनानं.

कोणाले तिकडे जाऊ देऊ नका.

दुर्गा


टोला
२३ जून २०२४

दुर्गा,

तुझं पत्र वाचलं आणि पिकअपमध्ये बसून टोल्यावर आले. तुझ्या घरातून लिहिते आहे.

गाव बंद पडल्यासारखं आहे. शेळ्या खुंट्याला बांधलेल्या, भुकेने दिवसभर ओरडतात. विहिरीवर बायका घोळक्याने जातात, हातात विळे घेऊन. एक पातेलं वाजलं तरी सगळे एकदम दाराकडे बघतात. माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. देवकाबाईंनी पाण्याचा तांब्या ठेवला आणि विचारलं, "बाई, जांभूळ न्याले आल्या का दुर्गाच्या पोरीले पाहाले?"

मी म्हटलं, "पोरीला."

"मंग बसा."

तुझी लेक बरी आहे. जेवते. फक्त कोणाच्या तरी पदराला धरून असते, आज माझ्या.

दुपारी देवकाबाईंनी बायकांना अंगणात बोलावलं. त्या म्हणाल्या, "मी उद्या बनाकडे जातो. जांभूळ भेटले तं आणीन, नाही तं नाही. सरपण तिकडे, गुरं तिकडे, झरा तिकडे. आज बसलो तं कायमचे बसू. मंग लेकरं या गावात राहतील कशी?" मग एकजण उठली, तिच्यामागे दुसरी.

मी म्हटलं, मीही येते. देवकाबाईंनी माझ्या सँडलकडे पाहिलं, आत गेल्या आणि तुझे जुने कॅनव्हासचे बूट आणून माझ्यापुढे ठेवले. मला सैल होतात. आत कापड कोंबलंय.

मी घाबरले आहे, दुर्गा. पण तुम्ही जायचं आणि मी शेडमध्ये उभं राहून क्रेट मोजायचे, हे आता माझ्याने होणार नाही.

योगेश्वरी


नागपूर
२४ जून २०२४

योगेश्वरी,

जाऊ नको.

पत्र आत्ता भेटलं. तू आज जाणार होती. गेली का? गेली नसशील तर जाऊ नको.

मले सारं आठवलं. तिच्या पाठीवर पिल्लू होतं. केसात दोन कान दिसले होते, मले वाटलं होतं तिचेच आहेत. दुसरं माझ्या मागं होतं, झाडाच्या बुडाशी. मी त्यायच्या मधात उभी होती. म्हणून तिनं धरलं. पिल्लंवाली आहे, जोवर जांभूळ आहे तोवर ती बन सोडणार नाही. सासूले सांग. गार्डाले सांग. साऱ्याले सांग.

तुले जंगलात पळता येत नाही अन् तिच्यापुढे उभंही राहता येणार नाही. तू घरी बस. जांभूळ गेले तं जाऊ दे, नागपूर गेलं तं जाऊ दे.

हेमराज हे घेऊन आत्ताच्याच गाडीनं निघाला. मी त्याले ढकलून पाठवला.

दुर्गा


नागपूर
२८ जून २०२४

योगेश्वरी,

हेमराज गेला तो आला नाही.

बाजूच्या पलंगावरच्या बाईच्या फोनवर त्याचा फोन आला. तिनं माझ्या कानाले लावला. तो म्हणे, "सारे जिते आहेत." अन् रेंज गेली.

जिते आहेत म्हणजे का? धड असलेल्या माणसाबद्दल कोणी असं सांगते का? मले विचारता येत नाही, तोंडात तार आहे. मी फोन धरून नुसती हं हं करत राहिली. त्या बाईनं खुमेंद्रभाऊले लावून दिला, तिनंच विचारलं. तो म्हणे, वहिनी अजून टोल्यावरच आहेत, तब्येत बरी नाही. काऊन बरी नाही, ते नाही सांगितलं.

नर्स म्हणते, जेवण उलटून नका टाकू, टाके तुटतील. नळीतून गेलेलंही राहून नाही राहिलं.

सारखं तेच दिसते. आता त्या बनात मी नाही, तू वाकली आहेस.

दोन ओळी लिही. दुसऱ्याच्या हातानं लिहिलं तरी चालते. पण खरं लिही.

दुर्गा


टोला
२९ जून २०२४

दुर्गा,

माझ्याच हाताने लिहिते आहे. मी धड आहे. सगळ्या धड आहेत. ताप होता, आज उतरला. हेमराजभाऊ माझ्या तापामुळे थांबले नाहीत, वनखात्याच्या लोकांना बन दाखवायला थांबले. उद्या ते निघतील, हे पत्र त्यांच्याजवळ देते.

तुझं "जाऊ नको" हातात पडलं तेव्हा आम्ही बनातून परत आलो होतो.

खरं लिही म्हणालीस, म्हणून सगळं लिहिते. आम्ही चांगलं ऊन वर आल्यावर निघालो. टीन वाजवत, मोठ्याने बोलत. देवकाबाई पुढे, हातात काठी. कडेच्या झाडांवर जांभूळ भरपूर होतं. अर्धा तास वेचलं असेल, कोणाला काही झालं नाही, आणि बायका हसायला लागल्या. मीही. भीती गेली की माणूस किती वेडं होतं बघ. पुढच्या झाडाखाली जास्त पडलेत म्हणून मी चार पावलं पुढे गेले, मग अजून चार. टीन मागे राहिले.

आधी आवाज आला. पाणी ओरपल्यासारखा. झुडपापलीकडे ती जमिनीला तोंड लावून पडलेली जांभळं ओढत होती. पाठीवर एक पिल्लू, दुसरं पायाशी. तिने मान वर केली. मला वाटलं होतं ती भयंकर दिसेल. तिचं तोंड निळं होतं, दुर्गा, आपल्या बायकांचे हात होतात तसं.

पळायला वळणार, तेवढ्यात मागून देवकाबाईंचा आवाज आला, अगदी हळू. "वळू नको. तिच्याकडे पाठ करू नको. तशीच मागं ये."

माझा पाय उचलेना. त्या म्हणाल्या, "बाई, एक पाय. आता दुसरा."

ती उभी राहिली. छातीवरची खूण दिसली. तिने तो श्वास ओढला, तू लिहिलं होतंस तोच. देवकाबाई तिच्याशी बोलायला लागल्या. गोंडीत. ओरडून नाही, विहिरीवर शेजारणीशी बोलतात तसं. मला शब्द कळले नाहीत. त्या बोलत होत्या आणि मी एकेक पाऊल मागे येत होते. तुझ्या सैल बुटात मुळी अडकली, मी पडता पडता राहिले. मग त्यांच्या हाताने माझा दंड धरला. त्यांचा हात माझ्याइतकाच थरथरत होता. मला वाटलं होतं, त्या घाबरत नाहीत.

ती आमच्यामागे आली नाही. खाली बसली आणि पुन्हा खायला लागली. आम्ही टोपल्या, टीन, सगळं तिथेच ठेवून निघालो. नाल्याच्या वर आल्यावर मला कळलं, माझी साडी ओली झाली होती. सांगायला लाज वाटत नाही. एका बाईने स्वतःचा पदर माझ्या कमरेला गुंडाळला आणि गावात शिरेपर्यंत माझ्या मागून चालली, कोणाला दिसू नये म्हणून.

घरी आल्यावर मी देवकाबाईंना विचारलं, तिला काय म्हणालात? त्या म्हणाल्या, "का म्हणन? म्हटलं, खा माय, आमी जातो."

बन आता बंद. वनखात्याने पाटी लावलीय, पण पाटीची गरज नव्हती. सरपणाला दुसरीकडून, घोळक्याने जायचं ठरलंय. नागपूरच्या दुकानाला मी खुमेंद्रकडून 'ठरलेला माल जमणार नाही' असं कळवलं. यंदा जेवढं होईल तेवढंच होईल.

तापात पडल्या पडल्या एकच दिसत होतं. आमच्या गोरेगावच्या धुऱ्याधुऱ्यावर, शेतांच्या बांधाबांधावर जांभूळ आहे. माझ्या माहेरी दवनीवाड्याला तर बांधीच्या चारी कडांना. खाली पडून सडतं, चपलांना चिकटतं म्हणून शिव्या खातं. ते कोणी तोडत नाही, कारण ते कोणाला पीक वाटत नाही. मी अस्वलाच्या तोंडचं आणायला तुम्हाला पाठवत होते आणि माझ्या दारातलं माझ्या डोळ्यांना दिसत नव्हतं.

काल सासऱ्यांना निरोप पाठवला, टोल्यावरच्या बायका आपल्या धुऱ्यावर जांभूळ तोडतील म्हणून. त्यांचं उत्तर आलं, "टोल्यावरच्या? आपल्या धुऱ्यावर?" खुमेंद्र म्हणतो, त्यावर सासूबाईंनी त्यांना तुझ्याबद्दल सगळं सांगितलं. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "धानाचे कोवळे पऱ्हे तुडवू नका म्हणावं, म्हणजे झालं."

आणि एक. घाबरून का होईना, तू मला 'तू' म्हणालीस. आता परत 'तुमी' लिहिलंस तर उत्तर देणार नाही.

तुझी
योगेश्वरी


टोला
९ ऑगस्ट २०२४

योगेश्वरी,

घरी आली. तार काढली. बोलतो, पण हेमराजशिवाय कोणाले उमजत नाही, म्हणून लिहितो.

बाया सांगतात, तुझ्या सासऱ्यानं स्वतः शिडी आणून दिली. धानाची रोवणी लागेपर्यंत साऱ्या धुऱ्यावरचं जांभूळ उतरलं म्हणतात. हे ऐकून बरं वाटलं. तेवढंच बरं वाटलं.

मी घरातून बाहेर निघत नाही. चुलीजवळचं काळं मडकं आहे ना, काल संध्याकाळी ते पाहून मी ओरडली. रोजचं मडकं. हेमराजनं ते उचलून बाहेर ठेवलं.

आरसा सासूनं लपवला आहे. मी मागतही नाही. माझी पोरगी दारात उभी राहून माझ्याकडे पाहते, जवळ येत नाही. झोपली का मंग मी तिच्या केसावरून हात फिरवतो. जागी असली का मलेच भेव वाटते, का ती रडंल.

अस्वलाचा भेव एका जागी होता, बनात. हा घरात आहे.

तू येशील का? आरसा नको. तू पाहा, अन् कसं आहे ते सांग. तू खोटं नाही सांगणार.

दुर्गा


गोरेगाव
११ ऑगस्ट २०२४

दुर्गा,

उद्या सकाळच्या पिकअपने येते. पाहीन आणि जसं आहे तसं सांगेन.

मग तुला आणि पोरीला घेऊन इकडे येईन. कामाला नाही. शेडमध्ये नुसती बस. ओळखीच्या बायका आहेत, दार उघडं असतं, आणि समोर धानाच्या बांध्या आहेत, लांबपर्यंत सगळं दिसतं. मशीनचा आवाज तुला सहन होणार नाही हे मला माहीत आहे. सीताफळं आली की तू असशील तेव्हा आम्ही त्यांचा गर हाताने काढू. आधी तसंच काढायचो.

योगेश्वरी


गोरेगाव
२४ नोव्हेंबर २०२४

योगेश्वरी,

तू नागपूरच्या प्रदर्शनात बसली असशील. खुमेंद्रभाऊ उद्या सीताफळाचा गर घेऊन निघतो, त्याच्याजवळ हे देतो.

आज आठवडी बाजारात तुझ्याविना दुकान लावलं. तू म्हटली होती, नाही जमलं तर राहू दे. सासू संगं आली, अन् सुकट घ्याले गेली ती गेलीच. मी एकटी. पदर नाकापर्यंत ओढून बसली. लोक येत, बाटली उचलत, माझ्याकडे पाहत, अन् डोळे बाटलीकडेच ठेवून पैसे देत. एक बाई तर घेता घेता ठेवून गेली.

मंग एक लहानी पोरगी आली, आजीचं बोट धरून. तिले आवळ्याची कँडी पाहिजे होती. मी पुडी द्याले हात लांब केला, तं पदर सरकला. आजीनं झटक्यानं तिचं तोंड दुसरीकडे फिरवलं. पोरगी परत वळली.

"का झालं वो तुले?"

आजी म्हणे, "गप बस." मी म्हटली, "भालूनं धरलं होतं."

माझं बोलणं तिले उमजलं, योगेश्वरी. मोठ्या माणसायले उमजत नाही, तिले उमजलं.

"मंग?"

"मंग सोडलं."

"काऊन सोडलं?"

इतके महिने साऱ्यायनं मले विचारलं, काऊन धरलं, काऊन गेली, एकटी काऊन गेली. डॉक्टरनं विचारलं, गार्डानं विचारलं, गावानं विचारलं. काऊन सोडलं, हे कोणी विचारलं नव्हतं. मीही कधी स्वतःले विचारलं नव्हतं.

मी म्हटली, "तिचे लेकरं होते संगं. घरी जायचं असंल तिले."

पोरीनं जरा विचार केला. "अन् तुले?"

"मलेही."

तिनं मान हलवली, जसं सारं बराबर आहे. कँडी तोंडात टाकली. आंबट लागली म्हणून एक डोळा घट्ट मिटला, अन् हात पुढे करून म्हणे, अजून दे.

बनात मी जाणार नाही, हे आताच सांगून ठेवतो. कधीच नाही. झाडीतून वारा आला का अजून अंगावर काटा येते, अन् तो जाईल असं मले वाटत नाही. पण ती पोरगी गेल्यावर पदर पुन्हा ओढायचा राहूनच गेला. सासू सुकट घेऊन आली, माझ्याकडे पाहिलं, अन् बाजूले बसून बाटल्या पुसाले लागली. बाजार उठेपर्यंत मी तशीच बसली होती, उघड्या तोंडानं.

तुझी
दुर्गा